विश्वास ठेवणं आणि विश्वासू असणं : बायबलमधल्या 'एमुना'बद्दल

वडाची_सावली

बाबा जाऊन चार महिने झाले. माती दिली त्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "ते विश्वासात निजले." सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही.

शेवटच्या आजारपणात एका रात्री बाबांनी मला सांगितलं होतं, की गेली दहा-बारा वर्षं प्रार्थना करताना पलीकडे कोणी ऐकतंय असं त्यांना वाटतच नव्हतं. रागानं नाही, रडून नाही. पुढची गोळी कधीची आहे ते सांगावं तसं सांगितलं. आणि या दहा-बारा वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. मंडळीचे खजिनदार होते. दानाचे पैसे मोजायचे, वहीत लिहायचे, सोमवारी बँकेत भरायचे. मंडळीतलं कोणी दवाखान्यात असलं की रात्री सोबतीला बसायला हेच.

मग ते विश्वासात निजले का? की आम्ही सगळे कबरीपाशी उभं राहून खोटं बोललो?

एका इंग्रजी बायबलात हबक्कूक २:४ पाशी तळटीप दिसली. 'नीतिमान विश्वासाने जगेल' यातल्या 'विश्वासाने'ला पर्याय दिलाय 'विश्वासूपणाने'. या दोन्हींत मला जमीन-अस्मानाचं अंतर वाटतं. एक मनातली गोष्ट, दुसरी वागण्यातली. मूळ शब्द नक्की काय आहे? मला हिब्रू, ग्रीक येत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

उगाच_विचारतो

तुमच्या दुःखात सहभागी आहे. उत्तर माहीत नाही, धागा वाचत राहीन.

भाषावेडा

सावलीदादा, मूळ शब्द आहे 'एमुना'. धातू अलेफ-मेम-नून, म्हणजे अ-म-न. टिकून असणं, पक्कं असणं, भार टाकला तरी न हलणं असा त्याचा पसारा आहे.

हा शब्द तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, पहिल्यांदा येतो तो देवाबद्दल नाही, पंथाबद्दल नाही, हातांबद्दल येतो. निर्गम १७. रफीदीम इथे अमालेक्यांशी लढाई चाललीय. मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलांची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. म्हातारा माणूस, हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याच्या बुडाखाली धोंडा सरकवतात, एकजण या बाजूनं आणि एकजण त्या बाजूनं हात धरतो. बारावं वचन सांगतं, सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' होते. आपल्या भाषांतरांत तिथे 'स्थिर' असतं. 'त्याचे हात विश्वास होते' असं कोणी म्हणणार नाही.

याच धातूपासून 'ओमेनेत', म्हणजे लेकराला अंगावर वागवणारी दाई. रूथच्या शेवटी नामी नातवाला मांडीवर घेते आणि त्याची ओमेनेत होते. 'एमेत' म्हणजे सत्य, तेही यातलंच. 'आमेन' तर रोज तोंडात आहे. दुसऱ्या राजांच्या १८व्या अध्यायात मंदिराच्या दारखांबांना 'ओमनोत' म्हटलंय. खांब, दाई, सत्य, हात. या सगळ्यांवर भार टाकता येतो.

आणि यशया ७:९ ची कोटी. यहूदाचा राजा आहाज शत्रूंना घाबरलाय. संदेष्टा यशया त्याला म्हणतो : 'इम लो तआमीनू, की लो तेआमेनू.' म्हणजे विश्वास ठेवला नाही तर टिकणार नाही. एकच धातू दोनदा, दोन रूपांत. मराठीत करायचंच तर 'धरून राहाल तर तराल.' मनानं धरणं आणि पायांनी टिकणं त्याला वेगळं करायचंच नाहीये.

नगरी_ज्वारी

सावली, तुझे बाबा मला चांगले माहीत होते. त्यांच्याबद्दल मनात फक्त आदर आहे. तरी एक काळजी बोलून दाखवतो, कारण ही गोष्ट मला फार जवळची आहे.

विश्वास म्हणजे माझा विश्वासूपणा, असं एकदा म्हटलं की तारण, म्हणजे मुक्ती, माझ्या खांद्यावर आलं. मी किती रविवार गेलो, किती रात्री दवाखान्यात बसलो, याची वही सुरू झाली. सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला मठात हीच वही खात होती. रोमकरांस पत्र वाचताना तो त्यातून सुटला. मग १५२२च्या जर्मन नव्या करारात त्यानं रोम. ३:२८ मध्ये मुळात नसलेला 'केवळ' हा शब्द घातला : माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं. त्या हातात आपल्या इमानदारीचं सर्टिफिकेट घ्यायचं नसतं.

माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला काहीच करता येत नव्हतं, नंतर नंतर तर माणसं ओळखायचीही बंद झाली. तिचा विश्वासूपणा कुठे मोजायचा?

वसईची_केळी

नगरीदादा, आईबद्दल वाचून गलबलून आलं.

पण 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकदाच जोडीनं येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे त्यांच्यापुढे 'नव्हे' आहे. ल्यूथरनं त्याच साली याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं ते मुख्यतः त्यामुळे. याकोब दोन-चार ओळी आधी म्हणतो, देव एक आहे असं तू मानतोस ना, चांगलं करतोस. भुतंही मानतात आणि थरथरतात. नुसतं मानण्यात भुतं आपल्या पुढे आहेत, कारण त्यांना तर पक्की खात्री आहे!

नव्या करारात 'विश्वास'साठी ग्रीक शब्द आहे 'पिस्तिस', त्यातही दोन्ही अर्थ आहेत. गलतीकरांस पत्र ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळांच्या यादीत पिस्तिस येतो, तिथे आपलं मराठी बायबल सरळ 'विश्वासूपणा' म्हणतं. मत्तय २३:२३ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, म्हणतो की पुदिना आणि जिऱ्याचा दहावा हिस्सा देता, पण न्याय, दया आणि पिस्तिस सोडून देता. न्याय आणि दयेच्या पंगतीत बसलेला हा शब्द म्हणजे एखादं मत कसं असेल?

माझी आजी सामवेदी बोलायची, तिला धर्मशिक्षणातली अर्धी उत्तरं येत नव्हती. पण कोणाच्या घरी मयत झालं की पहिली चूल तिची पेटायची, त्या घरच्यांसाठी.

(भांडण उकरत नाहीये. १९९९ साली ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी याच विषयावर एकत्र सही केली, तेव्हा आपण दोघंही करू.)

नगरी_ज्वारी

सही मान्य. :)

शनिवारवाली

नमस्कार. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. लग्नानंतर इस्राएलमधल्या अश्दोदला आले त्याला आता २६ वर्षं झाली. घरात अजून मराठीच.

सावलीभाऊ, आमच्याकडे 'तुझा देवावर विश्वास आहे का' हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. 'शनिवार पाळता का' हा विचारतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. आमच्यात असं सांगतात की ग्रंथ हरवले, भाषा हरवली, कित्येक सण विसरले. उरलं ते 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवार. पुढे बाहेरून जाणते लोक आले तेव्हा त्यांना ओळख पटली ती या पाळण्यावरून. धर्माचे सिद्धान्त विचारले असते तर काय सांगणार होते बिचारे?

यहुदी धर्मपंडित मायमोनिदीझनं १२व्या शतकात तेरा तत्त्वं लिहिली, त्यांवरून 'आनी मआमीन', मी मानतो, असं म्हणायची रीत आली, हे खरं. पण त्याच्या खूप आधीचं तालमूद, म्हणजे आमच्या धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, घ्या. शब्बात ३१अ. माणूस मेल्यावर न्यायासनापुढे उभा करतात तेव्हा पहिला प्रश्न काय? 'नासाता वेनाताता बेएमुना?' देवघेव एमुनानं केलीस का? बाजारातली देवघेव! तोरा शिकलास का, हा प्रश्न त्याच्यानंतर.

आणि नगरीभाऊंना एक सांगावंसं वाटतं. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली प्रार्थना 'मोदे आनी'. तिचे शेवटचे शब्द आहेत 'राब्बा एमुनातेखा', तुझी एमुना मोठी आहे. माझी नव्हे, तुझी. विलापगीत ३:२३ मधून आलंय ते. तुमच्या आईला माणसं ओळखता येत नव्हती तेव्हा टिकून राहायचं काम तिच्याकडे नव्हतंच.

घाटमाथा

सगळं वाचतोय आणि एकच शब्द डोक्यात वाजतोय, कोणी बोलत कसं नाही?

इमान!

अरबी 'ईमान', धातू अ-म-न. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी. म्हणजे एमुना, आमेन आणि इमान एकाच घरचे. अमानत, म्हणजे विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव, तीही त्यातलीच. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. पण तो शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि इथल्या मातीत त्याचा अर्थ बघा काय झाला. इमानेइतबारे काम केलं. इमान विकलं नाही. बेइमान निघाला. इमान राखलं. गावात कोणाला इमानदार म्हणतात तेव्हा तो कोणता देव मानतो हे कोणी विचारत नाही. खाल्ल्या मिठाला जागतो का, एवढंच बघतात.

म्हणजे हबक्कूकचं वाक्य आमच्या आजोबांना असं सांगितलं असतं : 'सरळ माणूस आपल्या इमानावर जगेल.' त्यांना तळटीप लागलीच नसती.

भाषावेडा

घाटमाथा, काय पकडलंत! दोन दिवस धातू उगाळतोय आणि हे सुचलं नाही. साष्टांग.

पाणवठा

मग आमचा मोती गल्लीतला सगळ्यात मोठा भाविक. इमानी कुत्रा म्हणतात ना!

शनिवारवाली

पाणवठा, हसू नका, तसं नाव आहे बायबलमध्ये. कालेब. हिब्रूत कालेव, आणि कुत्र्याला केलेव. नाव त्यावरूनच आलं असं बरेच जण मानतात. बारा हेर कनान देश पाहून आले, दहा जणांनी कच खाल्ली. कालेब आणि यहोशवा ठाम राहिले. गणना १४:२४ मध्ये देव म्हणतो, हा माझ्यामागे पुरता चालला. मोतीला माझ्याकडून एक बिस्कीट.

कोशकार

रंगलेल्या चर्चेत थोडा ब्रेक लावतो, कारण इथे एक नेहमीची चूक होण्याचा धोका आहे. धातूचा अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. जेम्स बार या अभ्यासकानं १९६१ साली नेमकं हेच दाखवून दिलं, आणि त्याच्या पुस्तकात 'विश्वास' आणि 'सत्य' या शब्दांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आमेन म्हणणाऱ्याच्या डोक्यात दारखांब नसतो. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो.

त्यामुळे 'हिब्रू एमुना म्हणजे निष्ठा आणि ग्रीक पिस्तिस म्हणजे मत मानणं' अशी वाटणी मला पटत नाही. मार्टिन बूबर या यहुदी तत्त्वज्ञानं १९५०च्या सुमारास ती मोठ्या ताकदीनं मांडली होती, पण मजकूर तिला साथ देत नाही. उत्पत्ति १५:६ पाहा. अब्राहाम म्हातारा, मूलबाळ नाही, रात्री आकाश दाखवून देव म्हणतो, तुझी संतती इतकी होईल. तिथे क्रियापद याच धातूचं आहे, 'हेएमीन', आणि अब्राहाम तिथे काहीही करत नाही. फक्त शब्दावर भिस्त ठेवतो. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाला ते हवं आहे. याकोबाला तोच माणूस सात अध्याय पुढचा हवा आहे, इसहाकाला घेऊन डोंगर चढणारा. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन जागा आहेत या.

हबक्कूकवर मात्र बोलायलाच हवं. खास्द्यांची, म्हणजे बाबेलची, फौज चालून येतेय. संदेष्टा देवाला विचारतो, किती काळ हाक मारू? मनाला पटेल असं उत्तर मिळत नाही. तो पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन उभा राहतो. मग उत्तर येतं तेही कसं? दर्शनाला वेळ लागेल, लागला तरी वाट पाहा. आणि लगेच पुढचं वाक्य : 'त्सद्दीक बेएमुनातो यिख्ये.' हे वाक्य अजून वाट पाहत असलेल्या माणसाला उद्देशून आहे.

ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, तिथे 'माझ्या पिस्तिसने' आहे, म्हणजे देवाच्या. हिब्रूत 'त्याच्या'. पौल रोम. १:१७ आणि गलती. ३:११ मध्ये हे वचन उद्धृत करतो आणि सर्वनाम गाळून टाकतो. कोणाचा विश्वासूपणा, ते मोकळं सोडतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये हबक्कूकवरचं एक भाष्य आहे. ते या वचनाचा अर्थ लावताना 'त्यांचे कष्ट आणि नीतिमत्तेच्या गुरूवरची त्यांची एमुना' असं जोडीनं लिहितं. म्हणजे पौलाच्या आसपासच्या काळातले यहुदीसुद्धा या ओळीत कष्ट आणि भिस्त एकत्र वाचत होते.

नगरी_ज्वारी

कोशकार, ते 'माझ्या' माहीत नव्हतं. आज दिवसभर त्यावरच होतो.

रोम. ३:२२ उघडलं. 'येशू ख्रिस्तावरील विश्वासाने' हे मी लहानपणापासून पाठ म्हणतोय. ग्रीकमध्ये शब्दशः 'येशू ख्रिस्ताचा पिस्तिस' आहे म्हणे, आणि रिचर्ड हेज या अभ्यासकाच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधापासून यावर जोरात वाद चालू आहे : ख्रिस्तावरचा विश्वास की ख्रिस्ताचा विश्वासूपणा? त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात 'देवाचा पिस्तिस' आहे आणि तिथे तर देवाचा विश्वासूपणा यापलीकडे दुसरा अर्थ लागतच नाही.

मी वाद सोडवणार नाही. पण माझ्या आईपाशी हे नेऊन ठेवलं की नीट बसतं. २ तीमथ्य २:१३ : आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

सरळसोट

मी नास्तिक आहे. जरा वेगळं बोलतो, सावली यांनी राग मानू नये.

त्यांच्या वडिलांनी मरण्याआधी एक अवघड गोष्ट खरी खरी सांगितली. मला काही वाटत नव्हतं, असं. इथे शंभर वचनं जोडून आपण सिद्ध करतोय की नाही हो, तुम्ही भाविकच होता. त्या माणसानं एवढ्या वर्षांत एकदा तोंड उघडलं आणि आपण ते वाक्य त्यांच्या हातातून काढून घेतोय. चांगला वागला म्हणून प्रत्येकाला आत ओढून घ्यायची गरज नसते.

वडाची_सावली

सरळसोट, राग नाही. तुमचा प्रतिसाद मी सगळ्यात जास्त वेळा वाचला. बाबांचं वाक्य मला पुसायचं नाही. ते मला सांगताना त्यांना किती जड गेलं असेल ते मी पाहिलंय. पण त्या वाक्याइतकाच त्यांचा प्रत्येक रविवारही त्यांनीच केला होता. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. दोन्ही त्यांचंच आहे, आणि मला दोन्हींना एकत्र ठेवणारा शब्द हवा होता.

वसईची_केळी

मार्क ९:२४. आजारी मुलाचा बाप येशूला ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. येशू त्याला आधी एक काहीतरी ठरव असं म्हणत नाही, मुलाला बरं करतो.

जमाखर्च

मी पेशानं लेखापरीक्षक. धर्मातलं कळत नाही, पण खजिनदार शब्द वाचला म्हणून शोधाशोध केली. दुसरे राजे, अध्याय १२ वाचा.

योआश राजाच्या काळात यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी करायची असते. पुजाऱ्यांकडे पैसे जात राहतात पण काम काही होत नाही. मग यहोयादा याजक एका पेटीच्या झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीजवळ ठेवतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजतात, थैल्या बांधतात आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हवाली करतात. ते पुढे सुतार, गवंडी, पाथरवटांना देतात. दोन जणांनी एकत्र मोजायचं! आजही आम्ही हेच सांगतो. आणि १५व्या वचनात म्हटलंय की ज्यांच्या हाती पैसे दिले त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते इमानानं काम करत. हिब्रू शब्द तपासायला भाषावेडा यांना निरोप टाकला होता. एमुनाच आहे.

तीस वर्षांत मला असा खजिनदार दोनदा भेटला.

शनिवारवाली

जमाखर्च, तुम्ही धर्मातलं कळत नाही म्हणता आणि न्यायासनापुढचा पहिला प्रश्न तुम्हीच तपासता!

सावलीभाऊ, आमेनबद्दल राहिलं होतं. आमच्यात आपण स्वतः म्हटलेल्या आशीर्वादावर सहसा आपण आमेन म्हणत नाही. दुसऱ्यानं म्हटलेल्यावर म्हणायचं. तो म्हणाला, मी त्याच्या शब्दाला खांदा दिला. तोरातही तसंच आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात लेवी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या कुळातले लोक, एकेक वाक्य पुकारतात आणि लोक दर वेळी आमेन म्हणतात.

वडाची_सावली

हा धागा मी काल रात्री आईला वाचून दाखवला. बाबांनी मला सांगितलेलं तिला कसं सांगू या भीतीनं चार महिने गप्प होतो. निर्गमातला तो हातांचा भाग झाला आणि मग न राहवून बोलून गेलो.

ती म्हणाली, "मला माहिती होतं की. मला कधीच सांगितलं होतं त्यांनी."

मग तिनं सांगितलं. ज्या वर्षी बाबांनी तिला सांगितलं, त्या रात्रीपासून झोपण्याआधीची प्रार्थना ती एकटी मोठ्यानं म्हणायची. बाबांनी तिला म्हटलं होतं, मला म्हणता येत नाही, तू म्हण, मी आमेन म्हणतो. बारा वर्षं रोज तसंच चाललं. शेवटी बोलता येत नव्हतं तेव्हा तिचा हात दाबायचे.

पुढच्या महिन्यात कबरीवर दगड बसवायचाय. वचन आईनं निवडलं, निर्गम १७:१२ चा शेवट : सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. पाळकसाहेब म्हणाले, हे लढाईतलं वचन आहे, दगडावर कोणी घालत नाही. आई म्हणाली, तुम्ही घाला.

नगरी_ज्वारी

दगड बसवताना मला बोलाव. मी येतो.

घाटमाथा

मीही. तारीख इथेच टाका.